बंदराच्या पुढल्या दाराने

१९६६ सालच्या डिसेंबर महिन्यात, लग्नाला जेमतेम सहा महिने झाले असता, एक वळकटी, एक खांद्यावरची पिशवी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा एवढ्या सरंजामानिशी मी व माझी पत्नी मालवणची बोट धरण्यासाठी भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो, तेव्हा समुद्राशी माझा परिचय चौपाटीवरच्या भेळेपलीकडे गेलेला नव्हता. माझे गाव पंढरपूरच्या बाजूचे. चंद्रभागेतली होडी हेच काय ते मला ठाऊक असलेले जलयान, आणि तेही नदीला पूर आला म्हणजे काठाला बांधून ठेवीत. मित्रमंडळींपैकी एक-दोघे त्या सुमारास विलायतेस जाऊन आले होते व तिथल्या जहाजांच्या, शहरांच्या आणि पायी केलेल्या भटकंतीच्या हकिकती रंगवून सांगत. शाळामास्तराच्या पगारात जो परदेश बसतो तो मालवण, असा हिशेब करून मीही रजेचा अर्ज दिला होता. पत्नीचे आजोळ मालवणचे. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत ती तिथे वाढली आणि वडिलांच्या बदलीपायी देशावर आली ती पुन्हा तिकडे गेली नव्हती.

एस. टी. ने जावे असे माझे मत होते. घाटात गाडी लागली तरी पायाखाली जमीन असते, एवढेच त्या मताचे समर्थन. परंतु एरवी माझ्या कोणत्याही बेताला हरकत न घेणारी पत्नी या एका बाबतीत हटून बसली. "अहो, एस. टी. नं गेलात तर मालवण तुम्हांला पाठमोरं दिसेल," असे ती म्हणाली, आणि हा केवळ बोलण्यातला चतुरपणा असावा असे मानून, तिच्या हौसेखातर म्हणून, मी बोटीची दोन डेकची तिकिटे काढली.

घरच्या वडील मंडळींना हा बेत मुळीच पसंत नव्हता, आणि त्याला कारणही तसेच होते. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असता, याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसात कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवसापासून 'बोट' हा शब्द उच्चारताच महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतून म्हाताऱ्या बायका हात जोडीत. कोकणच्या माणसाला मात्र हात जोडून घरी बसणे परवडण्याजोगे नव्हते. एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य यांनी मुंबईत हा धक्का बांधला, तिथपासून कोकणपट्टीचा आणि मुंबईचा सारा व्यवहार पाण्यावरून चालत आला. सह्याद्री आडवा, खाड्यांवर पूल नाहीत, रस्ते पावसाळ्यात वाहून जाणारे. अशा मुलखात माणसे, मनिऑर्डरी, आंब्यांच्या करंड्या आणि लग्नाच्या बातम्या या सगळ्यांची ने-आण गलबतांनी व आगबोटींनीच केली. पावसाळ्याचे चार महिने लांब पल्ल्याच्या बोटी बंद राहत आणि तेवढा काळ मालवण-वेंगुर्ल्याकडचा माणूस मुंबईत असूनही घरापासून एखाद्या निराळ्या खंडात असल्यासारखा राही.

सकाळी दहाच्या सुमारास भोंगा झाला. डेकवर पाऊल ठेवताक्षणी जो तो आपापली चादर पसरून जमिनीचा ताबा घेत होता, आणि ही वहिवाट ठाऊक नसल्यामुळे मी सौजन्याने उभा राहिलो, तर आमच्या वाट्याला इंजिनाच्या धुराड्याजवळची ऊनऊन जागा आली. भोवती बहुतेक गिरणगावातले चाकरमानी होते: वर्षभर परळ-लालबागच्या खोल्यांतून पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे, आणि आता जत्रांचा हंगाम साधून घरी निघालेले. तासाभरात डब्यांची झाकणे उघडली, सुक्या बांगड्याचा वास आणि आमच्या दशम्यांवरच्या तुपाचा वास एकमेकांत मिसळला, आणि "खंयच्यान इलास?" या प्रश्नाला पत्नीने जे उत्तर दिले त्या भाषेतला एक शब्दही सहा महिन्यांच्या संसारात मी तिच्या तोंडून ऐकलेला नव्हता. ज्या स्त्रीशी मी लग्न केले तिला आणखी एक जीभ आहे, ही वार्ता मला खांदेरीच्या आसपास कळली.

कुलाब्याच्या दक्षिणेचा, १८७५ साली उभारलेला प्रॉंग्जचा दीपस्तंभ उजवीकडे मागे पडला, आणि मग डाव्या हाताला किनारा उलगडू लागला. कोकणचा नकाशा मी मुलांना फळ्यावर कितीदा तरी काढून दाखविला होता. परंतु त्या नकाशातली किनाऱ्याची रेघ ही वस्तुतः किल्ल्यांची ओळ आहे, हे बोटीच्या कठड्याशी उभे राहिल्यावाचून कळत नाही. खांदेरी, अलिबागचा कुलाबा, सिद्दीचा जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड आणि सिंधुदुर्ग: शेजारच्या वृद्ध खलाशाने ही नावे, वारकऱ्याने मुक्कामांची नावे सांगावी त्या सहजतेने सांगितली. खांदेरीच्या एवढ्याशा खडकावर तटबंदी उभी राहू नये म्हणून १६७९ साली इंग्रज आणि सिद्दी या दोघांनीही शिवाजी महाराजांच्या माणसांशी झुंज घेतली. घाटावरून पाहिले असता हा हट्ट अनाकलनीय वाटतो, आणि बोटीवरून पाहिले असता, मुंबईच्या दाराशी कोणीतरी पाय अडकवून ठेवला आहे, असे स्वच्छ दिसते.

दिवस मावळला तेव्हा वारा फिरला. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहणारे खारे वारे पडले आणि काही वेळाने जमिनीवरून येणारा मतलई वारा सुरू झाला. त्या वाऱ्याला गवताचा, शेणाचा आणि कुठेतरी जळणाऱ्या पाल्याचा वास होता. जुनी गलबते याच दोन वाऱ्यांच्या आधाराने किनारा चढत-उतरत. रत्नागिरीला बोटीने नांगर टाकला, खाली अंधारात माणसांचा व पेट्यांचा कल्लोळ झाला, आणि पुन्हा शांतता पसरली. मी कठड्यावरून वाकून पाहिले तर बोटीने कापलेल्या पाण्याला फिकट निळसर उजाळा आला होता. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या अंगचा तो प्रकाश असतो, हे शास्त्र मला शिकविताना माहीत होते, परंतु त्या क्षणी मी पत्नीला हाका मारून मारून उठविले, आणि तिने अर्ध्या झोपेत, "हे तर रोजचंच," एवढे म्हणून पुन्हा पदर तोंडावर ओढला.

मध्यरात्रीनंतर वाघोटन खाडीच्या मुखावर विजयदुर्गाचा काळा आकार दिसला. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांशी संगनमत करून इंग्रजांनी या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार याच पाण्यात जळून गेले. मराठ्यांच्या आरमारावर आलेला तो दिवस मराठ्यांच्याच संमतीने आला होता, पाठ्यपुस्तकातला हा इतिहास वर्गात मी दोन ओळींत उरकीत असे. त्या रात्री त्या दोन ओळींच्या जागी पाऊण तास काळे पाणी पाहत बसलो. देवगडला करंड्या उतरल्या. त्यापुढे झोप आली नाही.

मालवणला बोट लागत नाही, हे मला तिथे पोहोचल्यावर समजले. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची अशी दाटी आहे की मोठ्या जहाजाने बाहेरच नांगर टाकावा आणि उतारूंना पडावांच्या हवाली करावे, अशी तिथली रीत. अजून उजाडले नव्हते. भोंगा झाला, किनाऱ्याकडे दोन-तीन कंदील हलले, आणि वल्ह्यांच्या आवाजामागोमाग एक पडाव बोटीच्या कुशीला येऊन भिडला. बोटीच्या अंगातला दरवाजा उघडलेला. खाली पडाव कधी उंबऱ्याच्या पातळीला येत होता, तर कधी पुरुषभर खाली जात होता. सामान आधी गेले, मग मुले गेली, झेलकरी जसा नारळ झेलतो तशी. पत्नीची पाळी आली तेव्हा तांडेल म्हणाला, "भिया नको गो बाय. लाट वर इली काय मी सांगतंय, तेव्हाच पाय टाक." त्यावर तिने मागे वळून माझ्याकडे बोट दाखविले व म्हणाली, "तेंका पवाक येणा नाय, तेंकाच आधी धरा." दोन बळकट हातांनी माझी बखोट धरली, आणि पंढरपूरचा एक पदवीधर शिक्षक, पडावभर हशाच्या साथीने, मालवणच्या समुद्रात रुजू झाला.

पडाव वळला आणि 'मालवण पाठमोरं दिसेल' या पत्नीच्या वाक्याचा अर्थ मला उलगडला. पूर्वेला फटफटत होते. त्या उजेडावर माडांची रांग, तिच्या खाली कौलांची रांग, त्याच्या खाली ओढून ठेवलेल्या होड्यांची रांग आणि सर्वांच्या पुढे वाळूवर हलणारे कंदील, असे गाव आमच्याकडे तोंड करून उभे होते. उजव्या हाताला सिंधुदुर्गाची तटबंदी पाण्यातून वर आलेली, आणि तिच्या अलीकडे पद्मगडाचा खडक. पाहुणा यायचा तो या बाजूने. जकात घ्यायची ती या बाजूला. शत्रूची वाट पाहायची ती याच दिशेने. चारशे वर्षांच्या वहिवाटीने ज्या गावाचे पुढले दार समुद्राकडे उघडलेले आहे, त्या गावात रस्त्याने शिरणारा माणूस न्हाणीघराच्या बाजूने माजघरात येणाऱ्यासारखा येतो, आणि आल्यावर गाव लहान आहे, अस्ताव्यस्त आहे, असा शेरा मारून जातो.

आजोळचे घर धुरीवाड्याच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे आणि मंगळुरी कौलांचे होते. आजी-आजोबा निवर्तलेले, मामा मुंबईत, किल्ली शेजारी. गडग्यापलीकडून एक वृद्धा भांडी घासता घासता उठली, "कोणाची गो तू?" म्हणून विचारती झाली, आणि आईचे नाव ऐकताच राखेच्या हातांनीच तिने पत्नीचे तोंड कुरवाळले. मग तिचा पहिला प्रश्न कुशलाचा नव्हता. "बोटीन इलंस मां?" होय म्हटल्यावर ती समाधानाने म्हणाली, "मगे बरा." घराची ओटी समुद्राच्या बाजूला होती आणि रस्त्याकडे केवळ परसू, विहीर व सरपणाची खोपी. बोटीचा दिवा ओटीवरून दिसला म्हणजे आजी चुलीवर पाणी ठेवी, आणि पडाव किनाऱ्याला लागेतो ते कढत होई. कोणी येणार असल्याचे पत्र असो वा नसो, बोटीच्या रात्री ते पाणी तापत असे.

तीन दिवस आम्ही पायी भटकलो. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. एक होडी लांबच लांब जाळे घेऊन अर्धवर्तुळ काढीत समुद्रात जाते व जाळ्याचे दुसरे टोक घेऊन किनाऱ्याला परतते. मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसांच्या दोन रांगा लागतात आणि पाठीला दोर घेऊन, पावलापावलाने मागे सरत, समुद्र जमिनीवर ओढून आणावा तसे ते जाळे ओढीत राहतात. मासळी वाळूवर आली म्हणजे वाटे पडतात: जाळ्याच्या मालकीचे वेगळे, होडीचे वेगळे, अंगमेहनतीचे वेगळे. बांगडे, पेडवे, मुडदुशा यांच्या त्या ढिगांभोवती बायकांचा लिलाव सुरू झाला तेव्हा आकडे कानांवर आदळण्याच्या आत सौदे पुरे होत होते. गणिताचा शिक्षक असूनही एकाही सौद्याचा हिशेब मला वेळेत जुळविता आला नाही.

बाजारात आमसुले, काजूगर, तिरफळे आणि गुळाच्या पाकात आले घालून घोळलेली खाजी घेतली. एका खानावळीत बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले आणि त्यावर सोलकढी जेवलो. 'मालवण' हे नाव इथल्या मिठागरांवरून, 'महालवण' या शब्दापासून आले असे काही सांगतात, आणि माडांच्या बनावरून आले असेही काही सांगतात. जेवताना मला पहिली व्युत्पत्ती पटली व जेवण झाल्यावर माडाखाली आडवे झालो तेव्हा दुसरी. एका रात्री जवळच्या गावच्या जत्रेत दशावतार पाहिला. लिहिलेले नाटक नाही, पडद्याचा थाट नाही. सात-आठ पुरुष, पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर राजे, राक्षस व राण्या उजाडेपर्यंत बोलत राहिले. माझी पत्नी माझ्या शेजारी बसून हसत होती, आणि तिच्या हसण्याचे कारण तिला दर खेपेस भाषांतर करून मला सांगावे लागत होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही सिंधुदुर्गावर गेलो. किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावरच्या कुरटे नावाच्या बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशी त्या प्रसंगी पूजा झाली तो 'मोरयाचा धोंडा' अद्याप दाखवितात. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीनेक वर्षांत काम पुरे झाले. बेट सुमारे ४८ एकरांचे. त्याला वळसा घालणारी तटबंदी दोन मैलांच्या आसपास, तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद. पायाच्या दगडांत शिसे ओतलेले. तट सरळ न धावता नागासारखा वळत जातो, त्यामुळे चाल करून येणाऱ्यावर दोन-तीन बाजूंनी मारा करता येतो. आम्ही होडीतून तटाच्या अगदी जवळ येऊन पोहोचलो तरी दरवाजा म्हणून काही दिसेना. होडीने दोन बुरुजांच्या मधल्या वळणात नाक घातले, आणि मग अचानक तो समोर आला.

आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. चहूंकडे खारा समुद्र असता या पाण्याला ही नावे देणाऱ्याला तहान म्हणजे काय हे ठाऊक असले पाहिजे. राजाराम महाराजांनी बांधविलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात शिवाजी महाराजांची बसलेली, दाढी नसलेली पाषाणमूर्ती आहे, आणि महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा म्हणून चुन्यात उमटलेल्या दोन खुणा घुमट्यांखाली जपलेल्या आहेत. किल्ल्यात पिढीजाद राहणारी कुटुंबे होती, त्यांची पोरे आमच्या मागे होती, आणि दोन फांद्या फुटलेला एक माड ती मोठ्या अभिमानाने दाखवीत होती. पुढे वीज पडून त्याची एक फांदी गेली. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले, परंतु वर्षभरातच तो करवीरकरांना परत करावा लागला. शेवटी १८१२ च्या तहाने मालवण बंदरासह तो इंग्रजांकडे गेला. ते परके नाव कोणाच्याही तोंडी राहिले नाही. उलट, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा काढून नवा जिल्हा झाला, तेव्हा साऱ्या मुलखाला या किल्ल्याचेच नाव मिळाले.

आम्ही किल्ल्यावर गेलो त्या दिवशी तटावर बसून मी पत्नीला म्हणालो, की गाव आपले दार समुद्राकडे उघडे टाकून बसले आहे आणि किल्ल्याने आपले दार समुद्रापासून लपविले आहे, ही मोठी विसंगती. ती खाजे खात होती. ती म्हणाली, "यानं लपवलं म्हणून त्यांना उघडं ठेवता आलं." या विषयावर यापेक्षा अधिक मला नंतर कोणत्याही ग्रंथात सापडले नाही.

परतताना माझ्या आग्रहाखातर आम्ही एस. टी. ने आलो, आणि गाडी गावाबाहेर पडताना मागे वळून पाहिले तर परसू, विहिरी आणि सरपणाच्या खोप्या यांखेरीज काही दिसले नाही.

पुढे रस्ते सुधारले, खाड्यांवर पूल झाले, रात्रीच्या गाड्या सुरू झाल्या आणि बोटी बंद पडल्या. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली. मालवणला जाणारा प्रवासी आता कुडाळला किंवा कणकवलीला उतरतो आणि रिक्षाने अथवा एस. टी. ने गावात येतो. ही सोय झाली याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. पडावात झेलल्या जाणाऱ्या आजारी माणसाचे आणि पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीचे हाल ज्याने पाहिले तो बोटीच्या आठवणीने गहिवरणार नाही. परंतु जाण्यायेण्याचे दार बदलले म्हणजे घराचे तोंडही बदलते. नव्या इमारतींच्या ओट्या रस्त्याकडे झाल्या. १९८७ पासून या पाण्याचा काही भाग सागरी अभयारण्य आहे, पाण्याखालचे प्रवाळ पाहायला दूरदूरची माणसे येतात, आणि ज्या समुद्रावरून पूर्वी गावात यायचे त्या समुद्राकडे आता गावातून सहलीला जातात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे पुन्हा जाऊन आलो. आजोळचे घर विकले गेले आहे. किल्ल्यावर माझे गुडघे चढले नाहीत, पत्नीचे चढले. संध्याकाळच्या होडीने परतताना आम्ही पुढच्या फळीवर बसलो. मागे उन्हे कललेली होती, आणि माड, कौले, होड्या, सारे काही, सिमेंटच्या नव्या मजल्यांसकट, ऐन उजेडात आमच्याकडे तोंड करून उभे होते.

तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे की मालवणास कोणत्याही वाटेने जावे, पण गाव पाहिल्याचे म्हणू नये, जोवर किल्ल्याच्या होडीने परत आला नाही. सकाळी ऊन गावाच्या पाठीशी असते, म्हणून चार वाजल्यानंतरची होडी धरावी व पुढे बसावे. पावसाळ्यात होडी बंद असते.